नऊ वाजता काळी खिडकी

सोमवार, ४
आजपासून मी नोकरीला! म्हणजे नोकरी नातीची, बटण दाबायला मी. तिचं घरूनच काम— रोज सकाळी नऊला कंप्युटरवर पाच कामं एकापाठोपाठ एक सुरू करायची, जरा मागेपुढे चालत नाही. पोरीनं काय केलं, पाचांचा क्रम एका फाइलीत लिहूनच ठेवला. बॅच फाइल म्हणतात तिला. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की काळी खिडकी उघडते, पांढरी अक्षरं धावत सुटतात, कामं आपली आपण होतात. "आजी, मी दुपारपर्यंत झोपले तरी कुणाला कळायचं नाही!" हिचे आजोबा कचेरीत चाळीस वर्षं झोपले, तेही कुणाला कळलं नाही— पण त्यांना बिचाऱ्यांना तिथवर जावं लागायचं.

बुधवार, ६
खिडकी मधेच अडते. 'कुठलंही बटण दाबा' असं लिहून येतं म्हणे. कुठलंही म्हणजे कुठलं? मी रोज वेगळं दाबते. एकट्या बटणावर भार नको.

शुक्रवार, ८
नातीचा चेहरा उतरलाय. महिनाअखेर तिच्या कंपनीतल्या एकाला कामावरून काढणार. कोण किती राबतं ते साहेब बघतायत. म्हटलं, "घाबरतेस काय? नऊच्या ठोक्याला मी आहे ना!"

मंगळवार, १२
नऊ वाजून एक मिनिट झालं. गुडघा धरला होता. कुणी ओरडलं नाही.

गुरुवार, १४
आज साक्षात साहेब पडद्यावर! नात आंघोळीला. कंप्युटर फोनसारखा वाजायला लागला, मी हिरवं बटण दाबलं. माणूस गोड हो! "तुमची नात फार मेहनती आहे, आजी." मला राहवतंय होय! म्हटलं, "मेहनत कसली साहेब, हुशारी म्हणा! एकदाच लिहून ठेवलंय तिनं. आता ती झोपते आणि मी दाबते." करूनच दाखवलं. "कमाल आहे," म्हणाले. तीनदा म्हणाले! आता हिला काढायची कुणाची छाती आहे?
नातीला सांगितलं तर मटकन खालीच बसली. आनंदानंच असणार.

शुक्रवार, १५
एवढं कौतुक झालं तरी तोंड फुगलेलं. "कौतुक फाइलीचं झालं गं, आजी."

शनिवार, ३०
पत्र आलं. नातीला काढलं. फाइल ठेवली. खाली लिहिलंय— ती चालवायला आजी येतील का?
नातीनंच वाचून दाखवलं. मग म्हणाली, "हो म्हण. घरात कुणीतरी कमावतं हवं."