तोल खालचीनं सांभाळायचा

प्रिय टिल्ले,

पन्नाशीला टेकलीस तरी तुला टिल्लीच म्हणते, रागावू नकोस. परवा फोनवर तू ठणकावून सांगितलंस, की लेकीच्या अर्जावर सही करणार नाहीस, तिनं त्या कसरतीच्या शाळेचं नावही काढायचं नाही. ती तुझ्यावरच गेलीय, ऐन वेळी हलेल आणि हाडं मोडून घेईल, असं म्हणालीस. मी नुसतं हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर तुझे भावोजी म्हणाले, बहिणीशी बोलत होतीस की बँकेतल्या साहेबांशी? मूग गिळून बसायची खोड मला जुनीच आहे.

इकडची बातमी म्हणजे मी पुन्हा हातांवर उभी राहायला लागलेय. हस खुशाल. भावोजी याला म्हातारचळ म्हणतात. मी कसरती शिकवते त्या वर्गातली मुलं यायच्या आधी, भिंतीकडे पोट करून, पंजे पसरून उभी राहते. पाय पुढे कलंडायला लागले की बोटांची टोकं जमिनीत रुतवायची, मागे यायला लागले की तळव्यावर भार घ्यायचा, सगळं आठवतं. भिंतीशी वीस आकडे टिकते, भिंत सोडली की तीन. मुलांना मात्र मी सगळ्यांत आधी पडायला शिकवते. तोल गेला की एक हात उचलायचा, कुशीवर वळायचं आणि पायांवर उतरायचं. लहानपणी व्यायामशाळेत मास्तरांनी आपल्याला हे शिकवलंच नव्हतं. त्यांच्या मते जोडीत पडायचा प्रश्नच येत नाही.

त्यांचा नियम आठवतो ना? वरचीनं तोल सांभाळायचा नाही, वरचीनं फक्त काठी व्हायचं. तोल खालचीनं सांभाळायचा. दोघी सांभाळायला गेल्या की दोघी आपटतात. मी खाली हात वर करून उभी, आणि माझ्या पंजांवर पंजे टेकून तू उलटी. एकदा सरावात तुझ्या नाकावर माशी बसली. डोळ्यांतून पाणी आलं तरी तू हलली नाहीस. खाली उतरल्यावर मात्र चप्पल घेऊन त्या माशीच्या मागे अख्खी व्यायामशाळा पालथी घातलीस. तुझ्याइतकी स्थिर मुलगी मी नंतर एवढ्या वर्षांत शिकवली नाही.

आणि एक सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. टाळ्या पडायच्या तेव्हा सगळ्यांच्या माना वर असायच्या. एका कार्यक्रमानंतर मावशीनं मला विचारलं होतं, तूही होतीस का गं स्टेजवर? तू पोट धरून हसलीस, मीही हसले. पण ते मला फार लागलं. त्यानंतर सगळे गेले की मी व्यायामशाळेत मागे राहायची आणि एका हातावर उभं राहायचा सराव करायची. मला एकदा तरी वर जायचं होतं. तुला हेवा वाटावा असं काहीतरी करून दाखवायचं होतं.

मग तो वार्षिक कार्यक्रम झाला. तू पडलीस, गळ्याचं हाड मोडलं. मास्तर धावत आले आणि त्यांनी पहिलं काय विचारलं, तर कोण हललं? तू गादीवर पडल्या पडल्या, ओठ पांढरे पडलेले, म्हणालीस, मीच हलले असेन. मास्तरांनी मान डोलावली. घरी आईनं ठरवूनच टाकलं, की धाकटीला एका जागी स्थिर राहणं जमायचं नाही. तू पुन्हा कधी जमिनीला हात टेकले नाहीस. स्कूटर शिकायला घाबरलीस, मुलाखतीला जाताना घाबरलीस, आणि दर वेळी तेच म्हणालीस, माझं ऐन वेळी काहीतरी हलतं गं. मी शेजारी बसून ऐकत आले.

टिल्ले, तू हलली नव्हतीस. त्या आठवड्यात चोरून सराव करताना माझं उजवं मनगट सुजलं होतं. ते झाकायला मी रुंद पट्टा बांधला आणि दिसायला छान दिसतो म्हणून सगळ्यांना सांगितलं. मास्तरांना कळलं असतं तर कार्यक्रम रद्द झाला असता, आणि मनगट दुखलं कशानं, हेही सांगावं लागलं असतं. तू वर गेलीस, मी चार आकडे मोजले आणि माझं मनगट वाकलं. तू पडतानासुद्धा काठीसारखी सरळ होतीस. अंग वळवलं नाहीस, हात सोडवून घेतला नाहीस. ताई सावरेल, म्हणून शेवटपर्यंत वाट बघितलीस, म्हणून तर हाड मोडलं. तेव्हा मास्तरांसमोर तोंड उघडायला मला धीर झाला नाही, आणि पुढे दर वर्षी तो आणखी कमी होत गेला. याची मला लाज वाटते. माझ्याशी बोलू नकोस, घरी येऊ नकोस, तुझा हक्क आहे. पण पोर तुझ्यावर गेली असेल, तर ती हलणार नाही. अर्जाची मुदत शनिवारपर्यंत आहे ना? सही कर.

तुझीच, आणि तुझी अपराधी,
ताई