उदयच्या खेळाचं परीक्षण

नांदेड,
३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर विषय काढला की तू बघू बघू म्हणत टाळतेस, म्हणून कागद घेऊन बसले. उदयचा ‘बावडी’ हा मोबाइलवरचा खेळ या महिनाअखेर बाजारात येतोय. नोकरी सोडून पोरगं तीन वर्षं एका खोलीत कोंडून घेऊन बसलंय, हे का तुला वेगळं सांगायचं? तुझी परीक्षणं वाचून पोरं खेळ विकत घेतात म्हणे. मग सख्ख्या आतेभावासाठी चार चांगले शब्द लिहायला तुझं काय जातं? दहापैकी दहा दे, नऊ दिलेस तरी चालेल. पंगतीत बसून मीठ कमी म्हणायची आपल्या घरात रीत नाही.

दादाला गुडघ्याला तेल लावायला सांग. माझी माया आहेच, तूही थोडी दाखव.

तुझी,
जयवंताआत्या


नारायणगुडा, हैदराबाद,
८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दहा नाही, नऊही नक्को. मी आकडा देतच नाही. आठ म्हटलं म्हणून वाचणाऱ्याला काय कळणार? खेळ कुणाला आवडेल, साध्या फोनवर चालेल का, कुठे अडेल आणि मी स्वतः कुठवर खेळून हे बोलतेय, एवढं त्याला कळलं पाहिजे. नाहीतर ते परीक्षण कशाला, लग्नातला आहेर झाला.

उदयने बावडी फार सुरेख केलीय. पायऱ्या उतरताना पाण्याचा आवाज असा जवळ येतो की अफझलगंजच्या बसमध्ये, त्या गोंगाटात, मी उतरायचीच विसरले. हे लिहिलंय. पण मध्येच फोन आला की खेळ पुसला जातो आणि आपण पुन्हा वरच्या पायरीवर. तळाशी पोचले की कुणाचा तरी फोन. एकदा तर तुझाच. उदय खेळ तपासतो तो दार लावून, फोन येऊच नयेत अशी सोय करून. त्याला कसं कळणार? हेही लिहिलंय.

मसुदा त्याला आधीच पाठवला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मी परेशान आहे, रडलेही. तरी सोळा तारखेला, रविवारी छापणार म्हणजे छापणार. पंगत फुकट असते, आत्या. खेळ पोरं खाऊचे पैसे साठवून घेतात. आणि आज खोटं लिहिलं, तर उद्या त्याच्या चांगल्या खेळाला चांगलं म्हणेन तेव्हा माझं कोण ऐकेल?

तू खेळलीस का गं? खरं सांग. रागावलीस तर रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
प्रणिता


नांदेड,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. भाचीला लाडावून ठेवलं की असंच होतं, म्हटलं. पण तुझा शेवटचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

खेळले होते मी. अर्धी बावडी उतरले आणि गॅसवाल्याचा फोन आला. परत बघते तर वरच्या पायरीवर. वाटलं, माझंच बोट कुठेतरी भलतीकडे लागलं. म्हातारीला काय कळतंय, असं म्हणून गप्प बसले आणि उदयला छान आहे म्हणाले. घरात सगळेच छान म्हणाले. तो ऐकायचा आणि पुन्हा खोलीत जायचा.

काल जेवताना त्याला सांगून टाकलं. ताटावरून उठला. झालं, आता माझ्याशीही अबोला, असं वाटलं. तर फोन घेऊन आला, शेजारी बसला आणि मी कुठल्या पायरीवर होते, फोन कसा उचलला, परत आल्यावर काय दिसलं, असं खोदून खोदून विचारत राहिला. मग मला खेळायला बसवून आतल्या खोलीतून मलाच फोन लावत होता. तीन वर्षांत त्याने मला खेळातलं काही विचारलं नव्हतं. विचारणार तरी काय? छान म्हटल्यावर बोलणंच संपतं.

महिनाअखेरीला खेळ येणार नाही, दुरुस्त झाल्यावरच येईल, असं तो आज म्हणाला. तुझ्यावर अजून धुमसतोय, पण मसुदा उघडा ठेवूनच काम चाललंय.

तू रविवारी छाप. एक शब्द गाळू नकोस. उलट भर घाल, की नांदेडच्या एका बासष्ट वर्षांच्या बाईचा खेळही तिथेच मोडला, आणि ती बाई त्याची आई आहे.

लोभ आहे, रागासकट.

तुझी,
जयवंताआत्या