हलव्याचा डबा येणार नाही

सहम, ओमान
शुक्रवार, २५ मार्च २०१६

ती. सौ. किशोरीताईस,

सागरचा नमस्कार. तू घेणार नसलीस तरी करतो. भावोजींना आणि यशश्रीलाही माझी आठवण सांग. मी बरा आहे. इकडे ऊन तापायला लागलंय, आणि एसी दुरुस्त करणाऱ्याला ऊन म्हणजे सुगीच. आठवडाभर जेवायलाही वेळ कमी पडला.

पत्र लिहितोय कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा तुझं तू बोललीस आणि फोन आपटलास. आमच्या खोलीतला मुआज, दाभोळचा, सोमवारी सुट्टीवर निघालाय. त्याच्या हाती हे पत्र आणि एक लहानशी पेटी देतोय. पेटीत हलवा नाही. आधीच सांगितलेलं बरं.

होय, यशश्रीच्या लग्नाला दहा डबे काय, एक डबासुद्धा मी आणणार नाही. मला न विचारता तू वरपक्षाला सांगून मोकळी झालीस की मामा ओमानचा हलवा घेऊन येतोय. आता सांग, मामा तऱ्हेवाईक निघाला. मला काडीचं वाईट वाटणार नाही.

"आईला दर खेपेला आणत होतास, माझ्या लेकीच्या वेळीच हात आखडला?" असं म्हणालीस ना? त्याच्यावर येतो. जरा दम धर.

आधी इकडची हकीकत. आमच्या खोलीत मी, मुआज आणि चिपळूणचा रमण. पूर्वी आमचं जेवण म्हणजे दुकानातला खुबूस म्हणजे मैद्याची रोटी, बोटभर तेल तरंगणारं मटण, गाडीत थंड पेयाचे डबे आणि दिवसाला पाच कप दुधाचा गोड चहा. दोन वर्षांपूर्वी मी जाहीर केलं, माझ्या पाळीला मी नाचणीची भाकरी, बाजारातला ताजा मासा आणि काकडी-टोमॅटो करणार. तेल चमच्याने मोजून. चहा काळा, बिनसाखरेचा. रमणने पहिली भाकरी हातात धरून विचारलं, "ही खायची की गाडीला लावायची?" महिनाभर मला डॉक्टरसाहेब म्हणत होते. मी म्हटलं, म्हणा. ज्याला नको त्याने हॉटेलात जावं. आता रमणची पॅण्ट ढिली झालीय आणि स्वतःच्या पाळीलाही तो भाकरीच थापतो. माझ्यापेक्षा गोल थापतो, मेला.

मी काही संन्यास घेतलेला नाही हां. परवा होळीला पुरणपोळी केली. अर्धी खाल्ली, चवीने खाल्ली, आणि मग समुद्रावर तासभर चालून आलो.

सगळ्यात अवघड होता अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक. त्याच्या घरी गेलं की काहव्याबरोबर, म्हणजे त्यांच्या बिनदुधाच्या कॉफीबरोबर, हलवा पुढे येतो, आणि तो नाकारणं म्हणजे घराचा अपमान. पहिल्यांदा नको म्हणायची वेळ आली. छातीवर हात ठेवून म्हटलं, "खलास, अर्बाब, साखर आहे मला." म्हाताऱ्याने ताट स्वतःच मागे ओढलं आणि एक खजूर माझ्या हातावर ठेवला. एकच. त्या दिवसापासून त्याच्या घरी मला एकच खजूर मिळतो.

तर वाचलंस तू. साखर आहे मला. दोन वर्षं झाली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला तेव्हा उपाशीपोटी दोनशे दहा होती. तुला सांगितलं नाही, कारण मग आईचा विषय निघाला असता.

निघू दे आता.

आईला साखर आहे हे मला माहीत होतं, ताई. तुम्हाला सगळ्यांना वाटतं, सागर परदेशात, त्याला कुठलं कळतंय. मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी दर सुट्टीला तुपाने निथळणारा तो डबा मी बॅगेत वर ठेवायचो, पहिला निघावा म्हणून. डबा बघून तिचं तोंड असं फुलायचं की वर्षभराच्या उन्हाचं चीज व्हायचं. डबा ती तांदळाच्या पिंपात लपवायची. दुपारी सगळे आडवे झाले की चमचा घेऊन बसायची. एकदा मी पकडली, तर म्हणाली, "लेकानं आणलेलं बाधत नाही रे." आणि मी काय केलं? हसलो. पुढच्या खेपेला दोन डबे आणले.

पायाला लागलं तेव्हा म्हणाली, चप्पल चावलीय. मग गुडघ्याखालून पाय गेला. मग ती गेली. तेराव्यानंतर तांदूळ काढायला पिंपात हात घातला तर डबा हाताला लागला. आत अर्धा हलवा, आणि तिचा चमचा. मी तो कोणाला दाखवला नाही. आडात नेऊन टाकला.

तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आईला आणत होतो म्हणूनच तुला आणणार नाही.

आता तू म्हणशील, हलवा पाहुण्यांना आहे, माझा काय संबंध? खोटं बोलू नकोस. साड्यांच्या घडीत तू साखरेचा रिपोर्ट लपवून ठेवलायस. यशश्रीला सापडला, तिने मला फोटो पाठवला. तिला बोलायचं नाही, सांगून ठेवतो. पोरगी फोनवर रडत होती. तुझ्या पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर सुकत नाही, हेही तिनेच सांगितलं. मी परवा तुला विचारलं, पाय कसा आहे, तर काय म्हणालीस? "काही नाही रे, चप्पल चावलीय."

पेटीत साखर तपासायचं मशीन आहे. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा, आकडा येतो. मुआज दाखवेल. रोज सकाळी आकडा मला पाठवायचा. आणि मुआज पोचेल त्याच दिवशी भावोजींबरोबर डॉक्टरकडे पाय दाखवायला जायचं. लग्नाची कामं आहेत म्हणू नकोस, कामं पळून जात नाहीत.

लिहिणार होतो की आकडा आला नाही तर मामा लग्नाला येणारच नाही, आणा नवरीला मांडवात कोणालाही धरून. पण खोटी धमकी कशाला? यशश्रीला मीच आणणार. फक्त रिकाम्या हाताने येईन. लोक हसतील, गल्फवाला मामा हात हलवत आला म्हणून. हसू देत. पंगतीत जिलबी घेऊन आग्रहाला आलीस तर ताटावर हात आडवा धरीन. आणि मग तुला माझ्या शेजारी बसवीन, यजमानीण असलीस तरी, आणि तुझ्या ताटावरही माझाच हात असेल. तू मला चारचौघांत कार्टं म्हण, मेल्या म्हण. आईच्या वेळेसारखं हसून मी पुन्हा डबा पुढे करणार नाही.

लेकानं आणलेलं बाधतं, ताई. भावानं आणलेलंही बाधतं.

माझ्यावर खुशाल रागाव. वीस वर्षं रागाव. पण यशश्रीची पाठवणी करशील तेव्हा दारात दोन्ही पायांवर उभी राहा.

सोमवारपासून आकड्याची वाट बघणारा, रिकाम्या हाताने येणारा,

तुझा
सागर