पहिली नळी

प्रिय ताई,

फोन तू स्पीकरवर ठेवतेस, आणि बाबांचा आवाज ऐकला की माझी जीभ भलतंच बोलते. म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस. दोनदा लिहून फाडलंय, मधेच उठून खोलीत येरझाऱ्या घालतोय.

इथलं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. मी प्रयोगशाळेत बाटल्या धुतो, वाफेत उकळून देतो. त्यांत इथल्या शास्त्रज्ञ मॅडम जंतू वाढवतात. त्या जंतूंत माणसाचा एक जीन घातलेला असतो, म्हणजे वस्तू कशी बनवायची त्याची कृतीच. वेळ पाहून एक रसायन टाकलं, की जंतू स्वतःची कामं सोडून आपल्यासाठी प्रोटीन बनवत बसतात. आपल्या अंगात जखम भरून आणतं, तेच. मग जंतू फोडायचे आणि तो रस बारीक मण्यांच्या उभ्या नळकांड्यातून सोडायचा. खाली मी बर्फातल्या छोट्या नळ्या एकामागून एक धरतो. म्हातारा टेक्निशियन म्हणतो, वळवळ्या, एवढी चुळबुळ तर जंतूही करत नाहीत.

बाबांच्या पायाचा अंगठा काळा पडल्याचं तू कळवलंस, त्याच आठवड्यात मी पहिली नळी खिशात टाकली. पहिल्या धारेचं म्हणजे अस्सल, असं मला वाटलं. फोनवर फुशारकीही मारली, बाबा, कापू देऊ नका, औषध मी बनवलंय, घेऊन येतो. शाळा सोडली तेव्हा आठ दिवस माझ्याशी न बोललेले बाबा त्या दिवशी हसले गं. सगळ्या गल्लीला सांगत सुटले म्हणे, पोरगा औषध बनवतो.

काल सहज मॅडमना विचारलं, पहिल्या नळीतलं सगळ्यात चांगलं ना? त्या म्हणाल्या, उलट आहे रे. आपलं प्रोटीन मण्यांना चिकटून राहतं, शेवटी सुटतं. आधी वाहून जाते ती मेलेल्या जंतूंची घाण, जखमेत गेली तर ताप चढेल. आणि शेवटचंही औषध नव्हे, प्रयोगासाठी बशीत ठेवलेल्या पेशी वाढवायला आहे ते. नळी त्यांच्यापुढे ठेवली. उद्या साहेबांनी बोलावलंय.

ताई, माझ्याकडे औषध नाही, कधी नव्हतंच. अंगठा कापायची डॉक्टरांची तारीख बाबांनी माझ्या भरवशावर मोडली आणि काळेपणा आता पावलावर चढलाय. तिकडे निघालेल्या ड्रायव्हरच्या हाती हे देतोय, सकाळी पोचेल. सगळं त्यांना वाचून दाखव आणि लगेच दवाखान्यात ने. मला शिव्या देतील, देऊ दे. गाडीत बसत नसतील तर सांग, पोरगा पाया पडतोय.

तुझाच,
धाकटा