देवाला न चालणारे फूल

३ ऑक्टोबर १९७८

भोजराज आले होते. लाखांदूरला शेतकी खात्यात आहेत. पत्नी वारल्यापासून एकटेच राहतात. प्रश्न त्यांनी आडवळणे न घेता मांडला – ललिताशी विवाह करण्याची इच्छा आहे. ललिता माझी सून. माझा मुलगा जाऊन दोन वर्षे झाली.

मी म्हटले, संमती माझ्याजवळ नाही. जिची आहे तिच्याजवळ आहे. "मंग तुमी तिले विचारान का?" विचारीन. मन वळवणार नाही.

जाताना फुलांच्या बियाण्याचे पाकीट त्यांनी ललिताच्या हाती न देता माझ्या टेबलावर ठेवले. नागपूरच्या प्रदर्शनातून आणलेले. माणसाला मर्यादा कळते.

४ ऑक्टोबर

ललिताला विचारले. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. नकार दिला नाही, होकारही नाही. विधान एवढेच – उत्तर अद्याप आलेले नाही.

पाकिटावर दोन नावे आहेत. जिप्सोफिला, आणि खाली बेबीज ब्रेथ. "याचा अर्थ काय, मामाजी?" बारीक पांढऱ्या फुलाचे नाव, एवढे सांगितले. 'बाळाचा श्वास' हे भाषांतर टाळले. या घरात पाळणा हलला नाही.

बी तिने मागून घेतले. हे नोंदवण्याजोगे.

२६ ऑक्टोबर

रोपे मेली. कारण शोधण्यास वेळ लागला नाही. धानाचे पऱ्हे टाकावे तसे तिने सारे बी एका कुंडीत दाट टाकले, बोटभर रोपे झाल्यावर ती उपटून इतर कुंड्यांत रोवली, आणि वर इतके पाणी की प्रत्येक कुंडीची बांधी, पाणी तुंबलेले धानाचे शेतच, झाली!

"रोवल्याबिगर कोनतं रोप जोर धरते, मामाजी?"

तिचे अनुमान तिच्यापुरते निर्दोष होते. धानाखेरीज दुसरे उदाहरण तिला कोणी दिलेच नव्हते.

२९ ऑक्टोबर

भोजराज आमच्या कारध्यावरून जात होते, डोकावले. दुसरे पाकीट आणले आहे. "याचं मूळ सरळ खाली जाते, बाबूजी. जिथं पेरलं तिथंच राहू द्याचं. पानी बेतानं. अन् मातीत जरासा चुना."

बोलले माझ्याशी, आवाज मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढा होता.

२ नोव्हेंबर

दुसरी पेरणी. मागच्या भिंतीचा सुटलेला चुना ललिताने कुटून, चाळून मातीत मिसळला. मला विचारले नाही. योग्य केले.

१४ नोव्हेंबर

उगवले. विरळणी करताना तिचा हात अडखळत होता. चांगले रोप उपटून टाकायचे, हे धानवाल्यांना जिवावर येते.

८ डिसेंबर

शेजारच्या चंद्रभागाबाई कुंपणावरून वाकून पाहत होत्या. रोपे त्यांना कोथिंबिरीची वाटली.

"काय वो ललिता, सांबार लावला का?"

"फूल येनार हाये, काकी."

"तुले फुलाचं काय काम, माय?"

बोलणे क्रूर नव्हते. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. ललिता आत गेली. संध्याकाळी पाणी घालायला आली नाही; मी घातले. बेताने.

९ डिसेंबर

आज तिनेच घातले.

११ जानेवारी १९७९

फुलले. कुंडीवर धुके उतरून तिथेच थांबावे तसे. एकेक फूल ज्वारीच्या दाण्याएवढे. एकटे घेतले तर नगण्य, एकत्र पाहिले तर नजर हलत नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात अंश आणि समग्र यांचा भेद मी आयुष्यभर शिकवला. उदाहरण आज मिळाले.

१४ जानेवारी

संक्रांत. चंद्रभागाबाईंकडे हळदीकुंकू. ललिताला बोलावणे नव्हते, नसतेच. पण बाया परतल्यावर त्या स्वतः तिळगूळ घेऊन आल्या. कुंड्यांपाशी थबकल्या.

"लाह्या फुटल्या जनू! पन वास नाही. देवाले चालत नाही, गजऱ्यात गुंफता येत नाही. याले फूल कोन म्हनन? गवत हाये हे."

ललिताने ऐकून घेतले. वाकली, एक काडी खुडली आणि कानामागे खोचली.

"अवो! तू फूल माळतं?"

"फूल कुठं, काकी? आत्ताच तं गवत म्हनलं तुमी."

प्रतिपक्षाच्याच विधानावरून प्रतिपक्षाचे खंडन. इतके स्वच्छ खंडन माझ्या वर्गात कोणी केल्याचे स्मरत नाही. चंद्रभागाबाई माझ्याकडे वळल्या, "हे तुमीच शिकवलं, मास्तर." नाही, म्हटले. शिकवायचे राहूनच गेले होते.

त्यांनी तिळगुळाची वाटी ओट्यावर ठेवली. रागावतील असे वाटले. पण काडी घसरून खांद्यावर आली होती. ती उचलून त्यांनीच ललिताच्या केसांत नीट बसवली. "घट्ट खोच, नाहीतं पडन," म्हणाल्या, आणि गेल्या.

१५ जानेवारी

ललिता म्हणाली, "भोजराजले या म्हनून कळवा. उत्तर मीच देईन." पोस्टात पत्र टाकून आलो. तिने आत काय ठरवले आहे, हे विचारण्याचा मोह झाला. आवरला.

२१ जानेवारी

भोजराज आले. ललिता ओट्यावर त्यांच्यासमोर बसली आणि स्पष्ट म्हणाली – हो. पण मामाजी आपल्यासोबत राहतील. ते म्हणाले, "खोली झाडून ठेवून हाये."

माझी संमती कोणी घेतलेली नाही, ही त्रुटी मी निदर्शनास आणली.

"मंग आता विचारते," ललिता म्हणाली. "येता का, मामाजी?"

येतो, म्हटले. कारण दिले नाही.