खाटेवरची गाडी

अण्णा, तुमची खाट अजून माझ्याकडे आहे, पण तिच्यावर आता कुणी झोपत नाही. तिचे चारही पाय मी सुताराकडून कापून घेतले. तुम्ही असता तर आधी रागावला असता, आणि मग उकिडवे बसून म्हणाला असता, "दाव, काय केलंय ते." म्हणून दाखवते. आज रविवार आहे. घरातलं आवरून झालं आणि फोन येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. फोन आमच्याकडे नाही, खालच्या किराणा दुकानात आहे. फोन आला की दुकानदार रस्त्यात येऊन हाक मारतो. ती चुकू नये म्हणून गॅलरीच्या दारात बसून लिहिते आहे. सावेडीत घर घेतलं तेव्हा इथे सगळं मोकळं माळरान होतं. आता समोरही इमारत झाली आहे, पण हाक अजून वरपर्यंत येते.

श्रीरामपूरच्या आपल्या दोन खोल्या मला रोज आठवतात असं नाही. पण या वर्षभरात फार आठवल्या. तुम्ही ड्युटीवरून यायचा, खाकी शर्ट खुंटीला लावायचा आणि चहा होईपर्यंत मला हाक मारायचा. मी खाटेच्या कडेला बसते. हातात जेवायचं पितळी ताट आहे, ते स्टिअरिंग. पायाशी तीन विटा आहेत, क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. गिअरला लाटणं. तुम्ही मागे उभे राहून रस्ता सांगता. "आता नेवासा फाटा. आता घोडेगाव आलं, आज बाजार हाय, गुरं आडवी येतील बघ. म्हैस आली, म्हैस, दाब." मी वीट दाबते. मग तुम्ही खाटेची एक बाजू उचलता आणि म्हणता, "घाट." खाट कलते, मी ताटाला लोंबकळते, आणि तुम्ही हसत म्हणता, "पोरी, ब्रेक पायानं दाबायचा नसतो. बुडानं दाबायचा असतो. गाडी आधी बुडाला सांगती, मग डोळ्याला." चुलीपुढून आई म्हणते, "दिसभर बस हाकून पुरलं न्हाई व्हय? आता घरात बी डेपो काढला. ताट द्या इकडं, भाकरी कशात वाढू?" तुम्ही मला म्हणता, "चल उतर, शेवटचा स्टॉप आला."

मी त्या खाटेवर तुमचा सगळा रूट शिकले. कुठे उतार, कुठे खडी, कुठे अचानक पोरं धावतात. म्हणून एकदा तुमचा डबा घेऊन डेपोत आले तेव्हा एका रिकाम्या गाडीत चढले आणि तुमच्या जागेवर बसले. इंजिन बंद होतं. माझे पाय पॅडलपर्यंत पोचले, एवढं मला पक्कं आठवतं. खाली तुमचे सोबती जमले. एक जण म्हणाला, "काय हो, लेकीला ड्रायव्हरचा बॅज काढून देता का आता?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. दार उघडून मला म्हणालात, "खाली उतर. घरची गाडी घरातच बरी." आवाज मोठा नव्हता, पण त्यानंतर तुम्ही खाट कधी उचलली नाहीत आणि मीही ताट हातात घेतलं नाही. त्याऐवजी बसमध्ये लोक विसरून गेलेली मासिकं आणि पुस्तकं माझ्यासाठी आणायला लागलात. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती, सलग वाचायला शिकले ते त्यांच्यावरच. कित्येक पुस्तकांची शेवटची पानं नसायची. पुढे काय झालं असेल हे मीच ठरवायचे. अजूनही लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकाची शेवटची पानं आधी चाचपून बघते.

तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा रांगत होता आणि हे धडधाकट होते. यांना तुम्हीच पसंत केलं होतं. "ट्रक चालवतो, पण हात थंड हाय पोराचा," असं आईला म्हणाला होतात. हात थंडच होता, अण्णा. घाटात ब्रेक गेला तेव्हाही त्यांनी गाडी डोंगराकडे घ्यायचा प्रयत्न केला होता, असं मागून येणाऱ्या ड्रायव्हरने मला सांगितलं. वळणाला कठडा होता, तो पुरला नाही. मुलगा तेव्हा दहावीत होता. एवढं तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं.

तो शिकला, एमआयडीसीत टूलरूममध्ये लागला. मला वाटलं, चाकाचा नाद आपल्या घरातून गेला. पण त्याला मित्र भेटले, त्यांनी जुनी मोटार विकत घेऊन कापली, जोडली आणि मातीच्या ट्रॅकवर पळवायला लागले. त्यात ना पोचायचं कुठे असतं, ना कुणाला न्यायचं. निघाले तिथेच परत येतात आणि जो आधी येतो त्याला कप देतात. मला हे कळलं ते तो गळ्यात हात अडकवून घरी आला तेव्हा. गाडी उलटली होती, खांद्याचं हाड मोडलं होतं. तो दारात उभा राहून हसत होता. "काही नाही झालं आई, पट्टा होता." मी त्याला भात कालवून भरवला आणि भरवताना म्हटलं, "मला पण घाल एकदा तुझ्या गाडीखाली. म्हणजे तुझ्यामागे वाट बघायला कुणी उरायचं नाही."  मग मीच म्हटलं, "घरात चालव. काय लागेल ते आणू. पण तिथे जाऊ नको." त्याला वाटलं मी वेडी झाले. मी वेडीच झाले होते. मला खाट आठवली होती.

आता कॉम्प्युटरवर मोटार चालवायचे खेळ निघाले आहेत, अण्णा. पडद्यावर रस्ता दिसतो, तुम्ही वळवाल तशी गाडी वळते. बंद पडलेल्या एका क्लासचा कॉम्प्युटर आम्ही घेतला. त्याच्या मित्राने मुंबईहून प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आणि दोन पॅडल आणून दिली. तिसरं नव्हतंच, क्लचचं. मी विचारलं तर पोरं हसली, "काकू, तुम्हाला क्लच कसा माहीत?" टेबलाला लावलेलं स्टिअरिंग जोरात वळवलं की टेबलच फिरायचं, म्हणून टेबलावर पाटा ठेवला. जुन्या बाजारात लष्करी जीपची सीट मिळाली, ती तुमच्या खाटेच्या चौकटीवर नटबोल्टने बसवली. पाय कापले ते तेव्हा. सुतार म्हणाला, "बाई, चांगलं लाकूड आहे हो, कशाला कापता?" मी म्हटलं, "कापा."

गळ्यातली झोळी निघाल्यावर आठ दिवस तो बसला आणि नवव्या दिवशी उठला. म्हणाला, "आई, सीट मुकी आहे. वळणावर काही सांगतच नाही. नुसता सिनेमा बघितल्यासारखं वाटतं." आणि मित्रांकडे निघून गेला. मी त्या सीटकडे बघत बसले. तुमचंच म्हणणं होतं ते, तुमच्याकडून कधी न ऐकता त्याच्या तोंडात आलं होतं. संध्याकाळी माळ्यावरून यांच्या ट्रकची जुनी ट्यूब काढली, पंक्चरवाल्याकडून हवा भरून आणली आणि चौकटीखाली सरकवली. तो परत आला तेव्हा मी सीटमागे दोन्ही हातांनी पाठ धरून उभी होते. म्हटलं, "बस." तो बसला. पहिलं वळण आलं आणि मी ढकललं. तो इतका दचकला की गाडी गवतात गेली. मग मान मागे टाकून त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी अंघोळ घालताना बघायचा तसा.

तेव्हापासून रोज कामावरून आला की तो बसायचा आणि मी ढकलायची. परदेशातला कुठला तरी ट्रॅक, पण मला आता तोंडपाठ आहे. त्यात एक उजवं वळण आहे, उताराचं, बाहेरच्या अंगाला पिवळी भिंत. भिंतीपलीकडे काही दिसत नाही. ते वळण आलं की माझी बोटं आधीच आवळतात. मी त्याला वळण येण्याआधीच कलवायची, हळू हो म्हणून. तोंडाने म्हणता येत नव्हतं, म्हणून हातांनी म्हणायची. शेजारीण एकदा पापड वाळवायला गॅलरीत आली, आत डोकावून म्हणाली, "अहो वहिनी, एवढ्या घोड्याचा पाळणा हलवताय का काय?" मी म्हटलं, "झोपत नाही ना तो." ती हसली, मीही हसले. कंबर धरायची, रात्री कुशीवर वळता यायचं नाही, पण तो घरात होता. भर उन्हाळ्यात एकदा ऐन पिवळ्या भिंतीपाशी लाईट गेली. पडदा काळा. तो स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "इथे काय, लाईट गेली तरी माणूस जिवंतच." मी म्हटलं, "मग? तेच तर पाहिजे मला."  मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हाड पुरतं जुळलं आणि त्यानंतर काही महिन्यांनी मित्र आले. मद्रासच्या बाजूला पक्का डांबरी ट्रॅक आहे, तिथे शर्यत आहे, चालवणारा हवा आहे. मी सगळं करून पाहिलं. रडले, जेवले नाही, यांचा फोटो त्याच्यापुढे ठेवला. शेवटी म्हटलं, "घरात सगळं आहे की तुझं." तो खाली बसला, माझे पाय दाबायला लागला. म्हणाला, "घरात होतं म्हणून तर जमलं. तू वळणाच्या आधी ढकलतेस ना, त्यामुळे मला कळलं. गाडी वळायच्या आधी अंगात येते. इतकी वर्षं मी वळण दिसल्यावर वळवत होतो, म्हणून उलटलो. मित्र म्हणतात, तुझा हात एकदम थंड झालाय." मी पाय ओढून घेतले. मी भीतीने ढकलत होते, अण्णा. त्याला थांबवायला. बुधवारी बुद्धाच्या तसबिरीपुढे वाकून तो दौंडला गेला, तिथून पुढे मद्रासच्या गाडीने.

तुम्हाला एक विचारायचं होतं, तुम्ही जिवंत असताना धीर झाला नाही. ती खाट तुम्ही मला दिलीत ती मी गाडी चालवावी म्हणून, की कधीच चालवू नये म्हणून? घरात हौस भागली की पोर डेपोकडे फिरकायची नाही, असं काही मनात होतं का? असेल तर तुम्हीही माझ्यासारखेच फसलात. माझी भागली नव्हती. लग्नात, स्वयंपाकात, यांच्या शेजारी ट्रकमध्ये बसून गावाला जाताना, प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय रिकाम्या जागी दाबला जायचा. हे म्हणायचे, "तिथं ब्रेक नाही बाई."

काल संध्याकाळी खालून हाक आली. फोनवर तो होता, मागे गाड्यांचा आवाज. मी तीन दिवस एकच वाक्य घोकत होते, परत ये, मला बरं नाही. ते बोलले असते तर तो आला असता, त्याचा स्वभाव मला माहीत आहे. दुकानदार तागडीत साखर तोलत माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "डोळ्यावर जाऊ नको. आधी बुडाला विचार." पलीकडे तो मोठ्याने हसला. "हे कुणाचं गं?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांचं. ये नीट." आणि ठेवला. वर येऊन मी भिंतीला टेकून किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. हातातली गोष्ट मीच सोडून दिली होती.

ऊन आता गॅलरीच्या कठड्यावरून आत आलं आहे. शर्यत सुरू झाली असेल. दुकानदार दोनदा बाहेर आला, दोन्ही वेळा दुसऱ्यांसाठी. मला तहान लागली आहे, पण उठून पाणी घ्यायचं धाडस नाही, तेवढ्यात हाक आली तर. हे कागद कुठे पाठवणार? पाट्याखाली ठेवीन, स्टिअरिंगच्या खाली.

काल ते वाक्य का बोलता आलं नाही, तेवढं सांगते. त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. शुक्रवारी दुपारी दार लावून मी त्याच्या सीटवर बसले. चालू कसं करायचं ते बघून बघून माहीत होतं. दोनदा गवतात गेले, मग जमलं. पिवळ्या भिंतीचं वळण आलं, उतार, पुढे काही दिसत नाही. मागे ढकलायला कुणी नव्हतं, तरी ट्यूबवर खाट आपोआप कलली, माझंच अंग कललं होतं. पाय ब्रेकवर होता, अण्णा. मी दाबला नाही.