जिवाणूंचा रिकामा रकाना

४ ऑगस्ट, सोमवार
विज्ञानाचे विभागप्रमुख रिटायर होतायत. खुर्ची माझी, यात शंका कसली? इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवून घसा बसला माझा. तर मुख्याध्यापिका बाई म्हणतात, शिक्षणाधिकारी साहेब येणार आहेत, त्यांच्यापुढे ज्याचा पाठ चांगला होईल त्याला खुर्ची. म्हणजे माझी परीक्षा! समोर कोण, तर केमिस्ट्रीच्या त्या स्लाइड-मॅडम. स्लाइड लावल्याशिवाय या मॅडमना गुड मॉर्निंगसुद्धा म्हणता येत नाही.
माझा विषय: सूक्ष्मजीव, ओळख आणि मुख्य प्रकार. झोपेत शिकवीन.
संकल्प: या महिन्यात चिडायचं नाही.

५ ऑगस्ट
चिडलो. स्लाइड-मॅडमनी भर स्टाफरूममध्ये विचारलं, विषाणू सजीव की निर्जीव? मी म्हटलं, पाठाला या, कळेल. सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?
घरी येऊन तक्ता केला. पाच प्रकार, पाच रकाने. लक्षात राहावं म्हणून प्रत्येकात स्टाफमधला एकेक नग घातला.
विषाणू: स्लाइड-मॅडम. स्वतःचं काही नाही, दुसऱ्यात शिरल्याशिवाय वाढ नाही. सजीव की निर्जीव, वाद चालू.
बुरशी: हेडक्लार्क. जिथे बसला तिथे पसरला, खालची फाइल कुजली.
शैवाल: पीटीवाले. दिवसभर उन्हात पडून असतात.
आदिजीव: बाई स्वतः. अमीबा. समोर कोण आहे ते बघून आकार बदलतो.
जिवाणूंच्या रकान्यात घालायला कुणी सापडेना. ही म्हणाली, स्वतःला घाला. हिला विनोद जमत नाही.

८ ऑगस्ट
बाईंनी मला स्वच्छता समितीवर नेमलं. विश्वास म्हणतात तो हा. लॅब तळमजल्यावर, शेजारी टॉयलेट, खिडकीखाली सेप्टिक टँकचं झाकण. साहेब तिथूनच येणार. फिनाइल आणि ब्लीचिंग पावडर मागवली. हेडक्लार्कनं कुरकुर केली. बुरशी!
बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला गाठून ‘विभागप्रमुख’ पिवळ्या अक्षरांत सांगून ठेवलं. आयत्या वेळी धावपळ नको.

११ ऑगस्ट
रोज बादलीभर ओततोय. एक जंतू जिवंत राहिला तर नाव सांगणार नाही.
वर्गात मागच्या बाकावरची प्रश्नावली (नाव वेगळं आहे, पण प्रश्न संपतच नाहीत) उठून विचारते, सर, इतकं फिनाइल खाली टाकीत गेलं की तिथल्या जिवाणूंचं काय होतं? म्हटलं, मरतात, म्हणून तर ओततोय. म्हणते, पण सर... पुढचं ऐकून घेतलं नाही. पोरं हल्ली फार आगाऊ झालीत.

१४ ऑगस्ट
लॅबमध्ये वास. सफाईवाल्या मावशींना झापलं. त्या म्हणतात, आधी असा वास नव्हता, सर. म्हणजे माझा दोष? अंगाचा तिळपापड झाला. फिनाइल डबल.

१८ ऑगस्ट
वास वाढला. ब्लीचिंगही डबल. स्लाइड-मॅडम नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत गेल्या. यात त्यांचाच हात असणार. केमिस्ट्रीवाली बाई, काय ओतेल सांगता येत नाही.
हिला सांगितलं. ही म्हणाली, ओतताय तुम्ही आणि हात त्यांचा? जेवलोच नाही. नंतर जेवलो.
पाठ तयार आहे. भाषेला धार आहे. शेवटी उपयुक्त सूक्ष्मजीव घेणार, साहेब खूश होतील.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पाठ.
सुरुवात झकास. डोळ्यांना न दिसणारं जग वगैरे. विषाणू, बुरशी, शैवाल, आदिजीव, एकेक उलगडत गेलो. साहेब मान डोलवत होते. बाईंनी साहेबांकडे बघून मान डोलवली. खुर्ची दिसायला लागली मला.
मग जिवाणू. म्हटलं, सगळे जिवाणू शत्रू नसतात. दुधाचं दही तेच लावतात. इतकंच काय, सेप्टिक टँकमधला मैला अहोरात्र तेच कुजवतात, कुणाला न दिसता. ते नसते तर...
इथे थांबलो. वाक्य माझंच, दरवर्षीचं. पुढचं येईना. खिडकीखाली बुडबुड ऐकू आली. झाकण उचललं गेलं आणि जे आत राहायला हवं होतं ते लॅबच्या दारातून आत यायला लागलं.
प्रश्नावलीनं हात वर केला. विचारते, सर, ते नसते तर असंच होतं का?
पोरं बाकांवर चढली. साहेबांचा बूट गेला. स्लाइड-मॅडमनी त्यांना हात देऊन मागच्या खिडकीतून बाहेर काढलं. संधी कशी साधावी ते त्यांच्याकडून शिकावं!

२२ ऑगस्ट
बाईंच्या केबिनमध्ये उभा होतो. बसा म्हणाल्या नाहीत. टाकी आधीच भरत आली असेल, बांधकाम निकृष्ट, मावशींचं लक्ष नाही, सगळं सांगितलं. बाईंनी फक्त फिनाइलची बिलं पुढे सरकवली. खुर्ची स्लाइड-मॅडमना. टाकी मला. रिकामी करून घ्यायची, जिवाणूंची पावडर आणायची, पुन्हा जिवंत करायची.
इतका राग आला की दारापर्यंत काही दिसेना. जिन्यात थांबलो तर कळलं, राग नव्हता तो. रडू येत होतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
पावडर कोमट पाण्यात कालवून टाकीत ओतली. बराच वेळ वाकून बघत होतो. दिसणार काय, कप्पाळ!
पेंटर आला. ॲडव्हान्स घेतलाय म्हणाला, काहीतरी रंगवूनच जाईन. बाईंनी मजकूर दिला. झाकणावर आता पिवळ्या अक्षरांत लिहिलंय: ‘आत जिवाणू कामावर आहेत. फिनाइल ओतू नये.’ खाली: ‘टाकीप्रमुख, जीवशास्त्र’. अक्षर सुबक आलंय.
प्रश्नावली खिडकीतून विचारत होती, सर, लागले का ते कामाला? चिडलो नाही. नवीन आहेत म्हटलं, रुळू देत.
घरी तक्ता काढला. जिवाणूंच्या रकान्यात माझं नाव घातलं. हिनं बघितलं आणि पुढ्यात चहा ठेवला.

३१ ऑगस्ट, रविवार
सुट्टी. तरी शाळेत जाऊन येतो जरा. जगलेत का बघायला हवं.